जाधव सरांचं पलटणीतलं इंग्रजी

मिरज, मे १९७६, गुरुवार

अकरावीला वरच्या पातळीचं इंग्रजी शिकवू पाहणाऱ्या शिक्षकांना आम्ही प्रशिक्षण देत आहोत. आज कडेगावच्या जाधव सरांचा नमुना पाठ होता. प्रत्येक ओळीचं मराठी करून सांगत होते. मी मध्येच थांबवलं. चाळीस शिक्षकांसमोर, वयानं मोठ्या माणसाला! चुकलं का माझं?

"इंग्रजीतच बोला ना, सर."

"आवं बाई, माझं इंग्रजी पलटणीतलं हाय. समदे हसतील."

"हसू देत. पुस्तक मिटा आणि पलटणीतलंच काही सांगा."

बर्फातल्या चौकीवर एका निरक्षर जवानाची बायकोला जाणारी पत्रं आपण कशी लिहून देत असू, हे ते इंग्रजीत सांगू लागले. क्रियापदाचा काळ दोनदा चुकला. कुणी हसलं नाही. उलट आठ दिवस गप्प बसलेले शिक्षक इंग्रजीत विचारू लागले, त्याच्या बायकोनं काय उत्तर धाडलं?

नाही, थांबवलं ते बरोबरच केलं.

संध्याकाळी प्रशिक्षणाचे प्रमुख म्हणाले, "व्याकरण कच्चं आहे. जाधवांना आठवीलाच ठेवू."

मी अहवालात स्वच्छ लिहिलं, अकरावी यांनाच द्यावी. व्याकरण मी जूनपर्यंत पक्कं करून घेईन. वर्ग बोलता करणं मात्र मला कुणाला शिकवता आलं नसतं.