न हलवलेली बाटली

वाशी,
९ ऑक्टोबर १९८७

प्रिय सुमेधा,

सकाळी पोस्टात जाऊन तुला तार केली. 'गोळी बंद करू नकोस, पत्र येतंय' एवढीच. बाकीचं तारेत मावणारं नव्हतं. तुझं पत्र परवा आलं, तेव्हापासून माझं एक काम धड झालेलं नाही. भातात दोनदा मीठ पडलं, शाळेत हजेरी घेताना दोन मुलं गाळली. परीक्षा संपली की सोमवारपासून फिटच्या गोळ्या कायमच्या बंद, हे तू किती सहज लिहिलंस! हे पत्र वाचून होईपर्यंत तरी घे. माझ्यावर रागावून घे, पण घे.

काल तुझं पत्र घेऊन डॉक्टर दिघ्यांकडे गेले होते. हिरड्या सुजल्यात म्हणून तू हसताना तोंडावर हात धरतेस, वसतिगृहाच्या जिन्यात तोल गेला, फळ्यावरची अक्षरं दोन-दोन दिसली, हे सगळं त्यांनी शांतपणे वाचलं. मग तुझ्याच एका ओळीवर बोट ठेवून म्हणाले, "हे बघितलंत का?" अभ्यासाच्या गडबडीत तीन दिवस गोळ्या राहिल्या म्हणून चौथ्या दिवशी सगळ्या एकदम घेतल्या, असं तू कंसात लिहिलं होतंस. तोल जाणं, दोन-दोन दिसणं त्याचंच असावं म्हणाले, पण पत्रावरून नक्की सांगता येत नाही. औरंगाबादच्या डॉक्टरांना याच आठवड्यात दाखव, रक्तातलं औषधाचं प्रमाण तपासून घे. पुन्हा गोळी राहिली तर आधी त्यांना विचार, मनाने दुप्पट घेऊ नकोस. हिरड्यांचा त्रास मात्र या औषधाचाच. दात नीट घासायचे, दातांच्या डॉक्टरांना दाखवायचं. फारच वाढला तर औषध बदलता येतं. पण ते डॉक्टर बदलतील, हळूहळू. एकदम सोडलं तर एका फिटमधून शुद्धीवर यायच्या आत दुसरी येऊ शकते. अंगावर पुरळ उठलं तर त्याच दिवशी जायचं. एवढं सांगून ते माझ्याकडे बघत राहिले. मी मान खाली घातली. का, ते आता लिहिते.

सत्त्याहत्तरची डायरी काढून बसले आहे. तू तेव्हा नऊ वर्षांची होतीस. आपण नुकते चेंबूरहून इथे आलो होतो. आसपास अर्ध्या इमारती बांधून व्हायच्या होत्या आणि नळाला पावसाळाभर चहासारखं पाणी यायचं. समोरच्या बाईंनी पहिल्याच दिवशी मला शिकवलं होतं, तुरटी फिरवा, हंडा एका जागी ठेवा, त्याला धक्का लावू नका, वरचं निवळ घ्या. मी ते इतकं अंगी बाणवून घेतलं की बाबा हंड्याजवळून गेले तरी मी त्यांच्यावर ओरडायची.

तुझं औषध तेव्हा पातळ होतं, गुलाबी, काचेच्या बाटलीत. महिनाभर पुरायचं. दोन दिवस उभी राहिली की बाटलीच्या तळाशी दाट थर बसायचा. मला वाटलं, गाळ. मी ती बाटली फडताळात अगदी हळू ठेवायची, हळू काढायची, वरचं निवळ औषध चमच्यात ओतायची. रोज वेळ लिहायची, चमचा काठोकाठ भरला की नाही तेही लिहायची. तू एकदा बाटली हलवलीस, रंग छान होतो म्हणून. मी तुझ्या हातावर चापट मारली. तीही तारखेसह लिहिलेली आहे.

महिन्याच्या पहिल्या पंधरवड्यात तुला फिट यायच्या. शाळेच्या पायऱ्यांवर पडलीस, हनुवटीला टाके पडले, ते चार तारखेला. बाटली संपत आली की तळाचं दाट औषध पोटात जायचं, टाकून कसं द्यायचं म्हणून. मग तू झोकांड्या खायचीस, बोलताना जीभ जड व्हायची. वाशीगावातून मासळी घेऊन येणाऱ्या यशोदाबाई एकदा म्हणाल्या, "बाय, तुजी पोर ताडी पिल्यावानी चालतंय. काय पाजतंस तिला?" मी त्यांना नाही नाही ते बोलले. त्यांनी पाटी उचलली आणि आपल्या दाराला यायचं सोडलं. त्या दिवसाच्या डायरीत मी लिहिलंय, 'सुमेधा नाटक करते की काय?' हे वाक्य खोडावंसं वाटतं. खोडत नाही.

मी मोठ्या ऐटीत ती डायरी याच डॉक्टर दिघ्यांना दाखवली. सहा महिन्यांच्या नोंदी होत्या. तू बाहेर बाकावर बसली होतीस. त्यांनी पानं उलटली आणि म्हणाले, "औषध कसं देता, करून दाखवा." मी दाखवलं. त्यांनी बाटली माझ्या हातातून घेतली, खिडकीशी धरून उलटी केली. थर जागचा हलला नाही. "बाई, अर्धा महिना तिला नुसतं पाणी दिलंत आणि उरलेला महिना औषधाचा मारा केलात." बाटलीवर 'हलवून घ्या' असं इंग्रजीत छापलेलं होतं. मी बी. ए. झालेली बाई. कंपाउंडरच्या चिठ्ठीखाली ते झाकलं गेलं होतं, असं मी स्वतःला कितीतरी वर्षं सांगत आले. खरं सांगते, चिठ्ठी खाली होती आणि ती अक्षरं वर होती. मी वाचली होती. औषध घुसळून गाळासकट पोरीला पाजायचं मला पटलं नाही, आणि विचारण्याएवढी मी स्वतःला अडाणी समजत नव्हते.

त्यांनी गोळ्या लिहून दिल्या. तुझा हात धरून जिना उतरताना मी ठरवून टाकलं. बाबांना सांगितलं, ते औषधच वाईट होतं, डॉक्टरांनी बदललं. तुलाही तेच. तुझं शाळेचं वर्ष गेलं तेव्हा नातेवाइकांना तेच. पुढे तर तू 'बाटलीतलं विष' म्हणून हसायचीस आणि मीही हसायची.

आता तू लिहितेस की ग्रंथालयातल्या औषधांच्या पुस्तकात तू तुझ्या गोळीचं नाव शोधलंस, माळ्यावर सापडलेल्या त्या जुन्या रिकाम्या बाटलीवरही तेच नाव होतं हे तुला आठवलं, आणि 'आई, डॉक्टरांनी तुला फसवलं, दहा वर्षं मी तेच विष खातेय.' नाही गं. औषध पहिल्यापासून तेच आहे, आणि त्याच्याच बळावर तुला गेली आठ वर्षं एकही फिट आली नाही. फसवलं ते मी. सोमवारी तू सोडणार आहेस ती गोळी माझ्या थापेवर विश्वास ठेवून सोडणार आहेस, म्हणून हे लिहिणं भाग पडलं. नाहीतर मी बहुधा गप्पच राहिले असते, हेही तुला कळू दे. बाबांना आज संध्याकाळी सांगणार आहे. तू नाताळच्या सुट्टीत घरी आली नाहीस, पत्राला उत्तर दिलं नाहीस, तरी मी कारण विचारणार नाही. माझ्याशी बोलणं हवं तितके दिवस बंद कर, सुमे. गोळी एक दिवसही नको.

तुझीच,
आई