तुझ्या कपाटाची गिटार

प्रिय अक्का,

तू गेल्यावर मी एकदाही रडलो नाही, की तुला लिहिलं नाही. आज लिहितोय, कारण आज दाजींचं दुसरं लग्न मोडलं. मी मोडलं! तुला हे माझ्याकडूनच कळायला हवं.

नानांनी लग्नात दिलेलं तुझं सागवानी कपाट! साड्यांमागे तू त्यात गिटार लपवायचीस, आणि सासूबाई देवळात गेल्या की मांडीवर आडवी घेऊन वाजवायचीस. दाजींनी ती अंगणात आपटून फोडली. "घरंदाज बायका असले धंदे करत नाहीत," म्हणाले. तू मला हे हसत हसत सांगितलंस. का हसलीस गं?

मग रझाकारांचे दिवस आले. कोठी मोहल्ल्यातली घरं रिकामी होऊ लागली. दाजी आईवडिलांना घेऊन सोलापूरला निघाले, आणि तापाने फणफणलेल्या तुला मागे ठेवलं. "घर राखायला कुणी तरी पाहिजे." मला साधा निरोपही नाही! शेजारच्या खालाबींनी तुला पाणी पाजलं, सुलतान बाजारातल्या माझ्या रेडिओच्या दुकानात माणूस धाडला. मी धावत आलो तर तू एवढंच विचारलंस, "ते आले का?"

ते आले पोलीस ॲक्शननंतर, तू गेल्यावर. मला बोलावून म्हणाले, "कपाट घेऊन जावा जी, फुकट जागा अडवतंय."

नेलं. फळ्या सुट्या केल्या, रंधा मारला, सरसाने जोडल्या. जुन्या हेडफोनमधलं चुंबक काढून त्याला केसासारखी बारीक तांब्याची तार गुंडाळली. दुकानातल्या रेडिओला जोडून पहिली तार छेडली तर रस्त्यावरची माणसं थांबली! विजेची गिटार, अक्का! तुझं वाजवणं कधी उंबऱ्याबाहेर गेलं होतं का?

आज तारनाक्याला लग्न होतं. लाऊडस्पीकर लावायचं काम मी मुद्दाम मागून घेतलं. अंतरपाट धरायच्या आधी गिटार त्यालाच जोडली, मांडीवर घेऊन वाजवली. दाजी पांढरे पडले. मुलीचे वडील मात्र खूश. "वा! कुठून आणलीत?"

मी माइकवरच सांगितलं, "माझ्या बहिणीच्या कपाटाची आहे. ती या नवरदेवांची पहिली बायको. तिला तापात एकटी टाकून हे सोलापूरला पळाले. ती मेली."

"ती तर माहेरी वारली म्हणाला होतात तुम्ही!" मुलीचे वडील दाजींकडे वळले.

"बंद कर रे तो भोंगा!" दाजी ओरडले. मी आवाज वाढवला.

"तेव्हा हालातच तसे होते," ते पुटपुटले.

तेवढ्यात मुलगीच बोलली. "आणि मला ताप आला तर?"

सगळा मांडव दाजींकडे बघत होता. तिने आपल्या हाताने मुंडावळ्या सोडल्या आणि आत निघून गेली.

नाना म्हणतात, "झालं ना, आता सोड त्याला." कसा सोडू? तू सोडशील? हो, तू सोडशील. म्हणून तर तुला विचारत नाही.

यापुढे त्या माणसाला मी दाजी म्हणणार नाही. तो या शहरात जिथे जिथे मुलगी बघायला जाईल, तिथे त्याच्या आधी मी पोचलेला असेन. हे वचन.

तुझा धाकटा,
श्रीधर