भांडायला आलेली सोनीबाई

धामणखेडी, टपाल जऊळका
ता. २ मे १९३६

प्रिय फय्याजभाई यांस,

लतीफाचा सलाम. तुमचं पत्र टेसनावरून बाजारकऱ्याच्या हाती मिळालं. भाभींचा खोकला उतरला हे वाचून जीव भांड्यात पडला. उर्दूत लिही म्हणता, पण मराठी शाळेत मला तुम्हीच बसवलंत. आता हीच अक्षरं हाताला वळतात.

इकडे ऊन फार. बकरीनं दोन पिल्लं दिली. शिवणकाम जरा कमी आहे, उन्हाळ्यात असतंच. विहिरीवर हल्ली गर्दी नसते, पाणी लवकर मिळतं.

नाही भाई, हे खोटं लिहिलं. गर्दी असते. मी गेले की पांगते.

नारूपायी झालं हे. दर उन्हाळ्यात निम्मं गाव पाय धरून बसतं, ते तुम्ही पाहिलंच आहे. फोड येतो, फुटतो, आणि पांढऱ्या दोऱ्यासारखा किडा हळूहळू बाहेर येतो. तो काडीला गुंडाळत बसायचं, तुटला तर पाय सडतो. कोणी उष्णता म्हणतं, कोणी नशिबाचा भोग. मी पाहत आले की बंजाऱ्यांच्या तांड्यावर नारू कोणालाच नाही. ते नाल्यात उकरलेल्या झिऱ्याचं पाणी पितात, आपण पायऱ्यांच्या विहिरीचं. आणि ज्यांना नारू झाला तेच त्या पायऱ्यांवर पाय पाण्यात सोडून बसतात, ठणका थांबतो म्हणून.

म्हणून चावडीसमोर मदनसिंग पाटलांना मी विचारलं, "पाटील, नारू या विहिरीतूनच येत असंल तर?"

विहीर त्यांच्या आजोबांनी बांधलेली. माणूस वाईट नाही, पण चेहरा उतरला. म्हणाले, "ज्या विहिरीनं गाव जगवलं तिले नावं ठेवते काय? पुन्हा बोलू नको, बाई."

कोणी मारलं नाही, दंड केला नाही. फक्त त्या दिवसापासून चोळी शिवायला कोणी आलं नाही. हे गेल्यापासून घरात तसंही बोलणारं कोणी नव्हतं. पण बाहेर होतं. आता बकरीशी बोलते. ती सगळं ऐकून घेते आणि पाला खाते.

काल दुपारी समोरच्या गल्लीतली सोनीबाई लंगडत आली. तिची कपाशीची शेती आहे, आवाज गावभर जातो. उंबऱ्यातूनच ओरडली, "काहून वं लतीफा, तू त म्हणे फडक्यानं पाणी गाळलं का नारू होत नाही! मी होळीपासून गाळून राह्यली. पाय पाह्य माह्या!"

पायावर फोड होता, दोरा दिसत होता. चावडीवर बोलण्याआधी दोनचार बायांच्या कानात गाळायचं मी सांगितलं होतं, हिनं खरंच केलं! माझं म्हणणं खोटं पाडण्याइतकं मनावर घेणारी ही पहिलीच. लाज वाटली, आणि भाई, आनंदही झाला.

"मले नाही समजत," मी म्हटलं.

"मंग समजून घे ना! मी उगाच गाळलं काय?" ती पाय लांब करून बसलीच. आम्ही सावली सरकेपर्यंत भांडलो. मी म्हटलं, विहिरीचंच आहे. ती म्हणाली, "कायचं विहिरीचं! माही सून मागल्या उन्हाळ्यात लगीन होऊन आली. हेच पाणी पेली. तवा नाही निंघाला काही. यंदा निंघाला."

बोलली आणि बोटांवर महिने मोजू लागली. मीही.

यंदाचा नारू मागच्या वर्षीच्या पाण्याचा असेल तर? मग आज गाळलेल्या पाण्याचा निकाल पुढच्या उन्हाळ्याशिवाय लागायचा नाही.

"आन् तुहं म्हननं खोटं निंघालं त?" तिनं विचारलं.

"त चावडीवर जाऊन मी सांगीन."

"तू कायले? मीच सांगीन!" असं म्हणून माझ्या हातचा चहा प्यायली.

अकोल्याला येऊन राहा म्हणता. तुमचं घर माझंच आहे. पण आत्ता नाही येत. मी चुकले असेन तर ते तोंडावर ऐकायला मी इथं हवी.

तुमची लतीफा


धामणखेडी
ता. ९ जून १९३७

प्रिय फय्याजभाई,

सलाम. फार दिवस लिहिलं नाही, माफ करा.

बातमी चांगली आहे. ज्या घरांनी गाळून पाणी प्यायलं त्यांच्यात यंदा नारू नाही. एक कस्तुराबाई सोडून. तिनं गाळलं तरी झाला. जाऊन पाहिलं तर तिचं फडकं झिजलेल्या लुगड्याचं, उन्हात धरलं की आरपार दिसे. तेच कारण, असं मी म्हणत नाही. आता सगळ्या घरांत दुहेरी सुती कापड आहे, खरं काय ते पुढं कळेल.

मदनसिंग पाटलांची लेक यंदा नारूनं अंथरुणाला खिळली. ते स्वतः चावडीवर बोलले, "बाईचं ऐकाले पाह्यजे होतं." पायऱ्यांवर बाभळीचे काटे टाकले, वर रहाट बसवला. चारचौघांत चुकलो म्हणणं पाटलाला सोपं नसतं. माझा राग गेला.

आता बाया सारख्या येतात. चोळ्या उरकत नाहीत. ताप असो, ढोराचं खुरकूत असो, लेकीची सोयरीक असो, मलाच विचारतात. वर म्हणतात, "लतीफाबी म्हंते त खरंच असंल."

परवा मुद्दाम बोलले की हिवताप कैरी खाल्ल्यानं येतो. ओटा भरून बाया होत्या. सगळ्यांनी माना डोलावल्या. एकीनं पदरातल्या कैऱ्या तिथंच फेकून दिल्या. मी लगेच सांगितलं की हे खोटं आहे, मी गंमत केली. त्यावरही माना डोलावल्या. त्या गेल्यावर मी दार लावून रडले. वाळीत होते तेव्हा इतकं एकटं वाटलं नव्हतं.

यावर सोनीबाई काय म्हणाली, असं तुम्ही विचाराल. एवढा वेळ तेच टाळत लिहिते आहे.

सोनीबाई भाद्रपदात गेली. पाय बरा झाला होता, निंदणाला जात होती, भांडून भांडून घरोघरी पाणी गाळायला लावत होती, आणि हिवतापानं धरलं. शेवटी मी जवळ बसले होते. मला म्हणाली, "उन्हाळा येऊ दे. त्याच्या आंदी खरं झालं म्हनू नको." उन्हाळा आला तेव्हा ती नव्हती. तिची सून परवा पाय दाखवायला आली, स्वच्छ पाय. हात जोडून गेली. मला वाटलं होतं, काहीतरी विचारेल.

भाई, हिवतापाचं मी मनाशी धरलं आहे की पावसाळ्यानंतर डबक्यांजवळच्या घरांत तो जास्त येतो. तिथल्या पाण्यातून काही उठत असावं. गावात कोणाला बोलले तर उद्याच सगळे डबकी बुजवायला निघतील, आणि मी चुकत असेन तर ते मला कधी कळायचंच नाही. म्हणून तुम्हाला लिहिते. यात खोट शोधा. अकोल्यात डबकं नसलेल्या आळीत हिवताप असेल तर लिहा. कौतुक लिहू नका, खुशालीही एका ओळीत चालेल. माझं कुठं चुकतं ते मात्र सविस्तर लिहा.

जिच्याशी आता कोणी भांडत नाही, ती तुमची बहीण,
लतीफा