क्रेस्टेनची दगडी नासपती

म्योन बेट, ६ मार्च १९५७

चि. असगर यास,
एल्लिनोरताईचे अ. उ. आ. वि. वि.

इकडे सर्व ठीक. बर्फ वितळलं, कोंबड्या पुन्हा अंडी घालू लागल्या. तुझे भाऊजी जाऊन सहा महिने होतील. घर फार शांत झालंय.

तुमच्या गावच्या संग्रहालयात दगड ओळखणाऱ्या नव्या बाई आल्यात असं तू लिहिलंस, म्हणून बेकरीच्या गाडीबरोबर ह्यांची ती गारगोटी पाठवते आहे. खडूच्या कड्याखाली सापडलेली, नासपतीसारखी, डोक्यावर भोक असलेली. हा समुद्रातला स्पंज आहे, दगड झालेला, असं ते बावीस वर्षं सांगत राहिले आणि गावाने त्यांचं नाव नासपती-क्रेस्टेन करून टाकलं. भोक पाडणारी अळीही दगडाचीच होती का, असं मीच एकदा सगळ्यांसमोर विचारलं होतं. लोक पोट धरून हसले. तेही हसले बिचारे. आता एकदा मला कळू दे, की बावीस वर्षं मी कशाला हसत होते.

आणि हो, परक्यांकडे जायचा म्हणून दगड सोड्याच्या पाण्यात घासून काढलाय. आतली पांढरी पूडसुद्धा विणायच्या सुईने टोकरून धुऊन टाकली. आपल्या घरचं काही घाणेरडं गेलं असं नको व्हायला.

मी विणलेला मफलर पेटीत ठेवायला नाही, गळ्याला गुंडाळ. आठवण ठेव.

तुझी,
एल्लिनोरताई


प्रेस्टो, ११ मार्च १९५७

ती. ताईस,
असगरचा शि. सा. न. वि. वि.

अगं ताई, काय करून बसलीस हे! संग्रहालयातल्या त्या लिनेगोरबाईंनी दगड हातात घेतला, खूश झाल्या, मग भोकातून आत डोकावल्या आणि कपाळावर हात मारला. पोकळ गारगोटीतली ती पांढरी पूड म्हणजेच पुरावा म्हणे. नुसता आकार फसवा असतो. खरंच स्पंज असेल, तर त्याच्या सांगाड्याच्या बारीक सुया त्या पुडीत सापडतात. इतका लख्ख दगड त्यांनी आजवर पाहिला नव्हता.

आता दगड करवतीने मधोमध कापायचा, एवढंच उरलंय. तरीही निकाल लागेल याची खात्री नाही. तू हो म्हटल्याशिवाय त्या हात लावणार नाहीत. रागावल्या नाहीत हो! दगड जमवणाऱ्यांच्या बायका देशभर हेच करतात म्हणाल्या.

काय ते लवकर कळव. जीव लहान करून घेऊ नकोस.

तुझा,
असगर


म्योन, १४ मार्च १९५७

चि. असगर यास, अ. उ. आ.

कापू नका. ह्यांच्या हातांनी गुळगुळीत झालेला दगड आहे तो, माझ्याने कापवणार नाही.

पूड मी मोरीत ओतली, ह्याच हाताने. ते जिवंत असताना मी हसले आणि मागे पुरावाच धुऊन टाकला! बाईंना माझ्यातर्फे माफी माग आणि दगड परत पाठव. माझं मेलीचं हे स्वच्छतेचं वेड. जास्त लिहवत नाही.

ताई


प्रेस्टो, १९ मार्च १९५७

ती. ताईस, सा. न. वि. वि.

खाली बस आणि मग वाच. तुझं पत्र वाचलं आणि एकदम डोक्यात आलं, की तू मला दिलेला भाऊजींचा कोट! दर रविवारी भाऊजी हा दगड त्याच कोटाच्या खिशात घालून फिरायचे. खिसा उलटा केला. शिवणीत तंबाखूचा भुगा, आणि त्यात चिमूटभर पांढरी पूड!

कोट तसाच काखेत मारून पळत गेलो. लिनेगोरबाईंनी पूड धुतली, गाळली आणि सूक्ष्मदर्शकाखाली ठेवली. मग मला पाहायला सांगितलं. ताई, काचेच्या सुया गं! काही तीन टोकांच्या, काही चार. स्पंजच आहे. भाऊजी बरोबर होते. उन्हाळी प्रदर्शनात दगड मांडायचा, खाली त्यांचं नाव लिहायचं, असं त्या म्हणतात. तुझी परवानगी हवी.

आता पोटातलं सांगतो. भाऊजींच्या पन्नासाव्या वाढदिवसाला तो दगड ताटलीत ठेवून, वर कस्टर्ड ओतून पाहुण्यांपुढे कोणी मांडला, ते आजवर कळलं नाही ना? मीच तो. ते नाव माझ्यामुळे चिकटलं. भाऊजींची माफी मागायची राहून गेली, निदान तू तरी माफ कर.

तुझा गाढव भाऊ,
असगर


म्योन, २३ मार्च १९५७

चि. असगर यास,
ताईचे अगदी मनापासून आशीर्वाद. वि. वि.

पत्र वाचून रडले, मग शेजारणीला वाचून दाखवलं, मग दोघी रडलो. तुझे आणि बाईंचे उपकार कसे फेडू? बाईंना दोन डझन अंडी पाठवली आहेत, त्यातली तू खाऊ नकोस.

कस्टर्डचं म्हणशील, तर मला त्याच दिवसापासून ठाऊक आहे. ह्यांनी तुला स्वयंपाकघराच्या दारातून पाहिलं होतं. पाहुणे गेल्यावर मला सांगितलं आणि तुला एक शब्द बोलायचा नाही अशी ताकीद दिली. अरे, ह्या गावात क्रेस्टेन बाक नावाचे चौघे! एक गिरणीवाला, एक लंगडा, एक दाढीवाला, आणि आमच्यांना लोक तो दुसरा क्रेस्टेन म्हणायचे. तुझ्या मेव्हण्याला पन्नासाव्या वर्षी स्वतःचं नाव मिळालं, म्हणून स्वारी खूश होती. माफी कसली मागतोस, तुझे आभारच मानायला हवेत.

तेव्हा पाटीवर नासपती-क्रेस्टेन असंच लिहायला सांग. नुसतं क्रेस्टेन बाक लिहिलं, तर उरलेले तिघे दुसऱ्या दिवशी हक्क सांगायला हजर होतील.

प्रदर्शन उघडेल त्या दिवशी मी येते आहे, गावातले झाडून सगळे घेऊन. मी हसले होते चारचौघांत. चुकले होते, हेही चारचौघांत म्हणणार आहे.

तुझ्यावर माझा किती जीव आहे, ते आता तरी कळलं असेल.

तुझी,
एल्लिनोरताई