वासराची जागा

तीर्थरूप आईस,

अमरावतीहून कमलाकांताचा पायांवर डोके ठेवून नमस्कार. माझी प्रकृती उत्तम आहे. अडत्याकडचे लिखाणकाम बरे चालले आहे. कापसाच्या गाड्यांनी गाव असे भरले आहे की रस्ता ओलांडायला घटका लागते. तुझे गुडघे कसे आहेत?

माझ्या पुस्तकाची चाळीस पाने झाली. अप्पांना सांगू नकोस. परवापर्यंत ती छापण्याजोगी वाटत होती.

परवा तिवस्याकडची पार्वताबाई नावाची शेतकरीण कापूस घेऊन आली. सासरी गेलेल्या लेकीला पत्र लिहून दे म्हणाली. तिने सांगितले, "तुही गाय जनली. वासरू तू निजे तिथंच जाऊन निजते. मी हाकलत नाई."

मी थाटात लिहिले, 'तुझ्या विरहाने माझे अंतःकरण विदीर्ण झाले आहे,' आणि तिला वाचून दाखवले.

"हे कोन बोललं, भाऊ? मी तं वासराचं सांगतलं."

मी कागद फाडला आणि तिचे शब्द होते तसे उतरवले. आई, त्या बाईला अक्षराची ओळख नाही. पण तिने जे सहज सांगितले, तसे माझ्या चाळीस पानांत एकही वाक्य नाही. केवढी मोठी लेखिका ती! मला जमेल का गं असे कधी?

हे पत्र दादा तुला वाचून दाखवील. वर 'प्रकृती उत्तम' लिहिले आहे, तेही त्या फाडलेल्या कागदातलेच समज. खरे असे, की खानावळीत वाढणारीच्या बांगड्या वाजल्या की तूच असशील म्हणून मी अजून मान वर करून पाहतो.

तुझा,
कमळू