दोन्ही याद्यांत नसलेलं नाव

बाई, गेल्या रविवारी आमच्या भांडुपच्या ज्येष्ठ नागरिक संघात खासदारांचा सत्कार झाला आणि त्यांचं मानपत्र मी लिहिलं होतं. तुम्ही असतात तर आधी विचारलं असतंत, "लिहिलंस ते तपासलंस का?" तपासलं. तिथेच तर सगळं बिघडलं. तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली की वर्गातल्या निम्म्या मुली आता आज्या झाल्या आहेत, पण आठ दिवस डोकं तापलंय आणि हे सांगायला मला दुसरं माणूस सुचत नाही.

संघाचे अध्यक्ष बँकेतून निवृत्त झालेले. त्यांनी मला घरी येऊन मुद्द्यांचा कागद दिला. "ताई, तुमचं कॉन्व्हेंटचं अक्षर, आणि मराठी पण झकास. तुम्हीच लिहा, तुम्हीच वाचा." कागदावर पहिलाच मुद्दा होता: मिठागरांसाठी संसदेत शेवटपर्यंत लढले. आमच्या पूर्वेची, पावसाचं पाणी पोटात घेणारी मिठागरं तुम्हाला आठवत असतील. त्या जमिनींवर इमारती बांधायला वाट करून देणारं विधेयक लोकसभेत आलं होतं. त्यानंतर आठवड्याभरात खासदार साहेब इथे चौकात माइकसमोर उभे राहून म्हणाले होते, "मी सभागृहात विरोधात मत दिलं. माझ्या माणसांच्या घरात पाणी शिरू देणार नाही." मी त्या दिवशी भाजी घेत होते. भाजीवाल्यासकट सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या.

आता टाळ्या वाजवणं वेगळं आणि लिहून खाली सही करणं वेगळं. टेलिफोन खात्यात उभा जन्म नोकरी केली, कागद बघितल्याशिवाय एक ओळ पुढे ढकलली नाही. लोकसभेच्या संकेतस्थळावर सगळं असतं, बाई. फक्त कुणी बघणार नाही अशी सोय केलेली असते. दोन दिवस बसले, डोळ्यांतून पाणी यायला लागलं. विधेयक आवाजी मतदानाने पास झालं होतं. म्हणजे कुणी 'होय' म्हटलं, कुणी 'नाही' म्हटलं, याची नावानिशी नोंदच नाही. ओरडायचं आणि घरी जायचं. पण त्याआधी एका सदस्याने दुरुस्ती सुचवली होती, की बांधकामाआधी तिथल्या रहिवाशांची सुनावणी घ्यावी. तिच्यावर बटणं दाबून मतदान झालं होतं. बाजूने मत दिलेल्यांची यादी, विरोधात दिलेल्यांची यादी. दोन्ही याद्या मी पट्टी ठेवून वाचल्या. आमच्या साहेबांचं नाव दोन्हींत नाही. तटस्थ राहिलेल्यांतही नाही. आणि त्या दिवसाच्या हजेरीवर त्यांची सही आहे! सकाळी सही केली, भत्ता पक्का केला आणि मत द्यायच्या वेळी माणूस गायब. पक्षालाही दुखवायचं नाही आणि भांडुपलाही नाही.

मी त्यांच्या कार्यालयात फोन लावला. सहायक गोड बोलणारा. "मॅडम, साहेब सभागृहातच होते. मशीनचा काहीतरी प्रॉब्लेम झाला असणार."

"मशीन बिघडलं तर चिठ्ठी लिहून मत नोंदवता येतं. त्या दिवशी सात-आठ जणांनी नोंदवलंय. साहेबांची चिठ्ठी कुठाय?"

"मॅडम, तुम्ही कुठल्या पक्षाच्या?"

"मी भांडुपची," म्हटलं आणि फोन ठेवला. 

तुमचा वर्ग तेव्हापासून डोळ्यांसमोरून हलत नाही. आठवीचा नागरिकशास्त्राचा तास. तुम्ही हात वर करून मत देऊ देत नाही. हजेरीच्या क्रमाने एकेकीने उभं राहायचं आणि मोठ्याने सांगायचं: बाजूने, विरुद्ध किंवा तटस्थ. तटस्थ म्हणणारीने कारण द्यायचं. त्या दिवशीचा ठराव असा, की डबा खायच्या सुटीत तरी मराठी बोलू द्यावं असा अर्ज मुख्याध्यापिका मदरकडे न्यायचा. मराठी बोलताना सापडेल तिच्या गळ्यात लाकडी पाटी अडकवायची, असा शाळेचा नियम होता आणि पाटी अडकवणारी प्रीफेक्ट मी होते. माझा नंबर एकतिसावा. सव्वीस झाले, सत्तावीस झाले, आणि मी पाणी प्यायची परवानगी मागून बाहेर पडले. नळापाशी बराच वेळ उभी राहिले. परत आले तर तुम्ही फळ्यावर माझ्या नंबरासमोर 'गैरहजर' लिहिलं होतं. मी तोंड वर करून म्हटलं, "पण बाई, मी सकाळी हजेरी दिलीय." तुम्ही पुढचा नंबर पुकारलात.

बोललात ते नंतर, शनिवारी, देवनारच्या तुमच्या घरी. वह्या पोचवायला मला मुद्दाम बोलावलं होतंत. स्वयंपाकघरात तुम्ही भाकरी थापताय, मी पाटावर अवघडून बसलेय. तुमच्याकडे पाणी प्यायचं की नाही याचा विचारही माझ्या डोक्यात येऊन गेला होता, हे आज लिहिताना लाज वाटते. तुम्ही तव्यावरून नजर न काढता म्हणालात, "माझे बाबा जालन्याकडच्या आमच्या गावात पहिल्यांदा मत द्यायला गेले तेव्हा कोरं धोतर नेसून गेले होते. त्या रांगेत त्यांना कुणी मागे सर म्हणालं नाही. त्या वर्षात तेवढा एक दिवस. आणि तू नळावर गेलीस." मग भाकरी माझ्या ताटात टाकलीत आणि म्हणालात, "विरुद्ध म्हणाली असतीस तरी मला चाललं असतं गं. खा आता, गरम आहे." त्या अर्जापायी मदरने तुम्हाला किती सुनावलं, ते आम्हाला पुढे कळलं. अर्ज मात्र तुम्ही नेलात.

तर मी अध्यक्षांना स्पष्ट सांगितलं, हे वाक्य मी लिहिणार नाही. दोन्ही याद्या समोर ठेवल्या. त्यांनी चष्मा लावला, वाचलं, चष्मा काढला.

"अहो ताई, मानपत्र आहे हे, चार्जशीट नाही."

"म्हणून काय खोटं लिहायचं?"

"तुम्हाला जिना चढता येतो म्हणून तुम्ही असं बोलू शकता."

मी याद्या उचलून घेतल्या. आमचं विरंगुळा केंद्र पहिल्या मजल्यावर आहे आणि साहेब आपल्या निधीतून लिफ्ट देणार होते, त्यासाठीच तर सत्कार. माझी शेजारच्या खुर्चीवरची मैत्रीण मालवणकडची, नवरा गिरणीत होता, तिचे दोन्ही गुडघे गेलेत. दोघांनी धरून तिला वर आणावं लागतं, आणि वर आल्यावर ती पाच मिनिटं बोलू शकत नाही. आणि तीच मिठागराच्या कडेला राहते. दर पावसाळ्यात पाणी खाटेच्या पायापर्यंत येतं, तांदळाचा डबा माळ्यावर चढवतात. सुनावणी झाली असती तर ती बोलायला गेली असती, आणि तिच्या तोंडाला कुणी लागलं नसतं. तिला मी याद्यांचं काही सांगितलं नाही. लिफ्टच्या गोष्टी करताना तिचा चेहरा इतका खुलायचा.

शेवटी मी ते वाक्य गाळलं, बाकीचं मानपत्र वाचलं. मुद्दा सोडला म्हणून अध्यक्षांनी आपल्या भाषणात तो दुप्पट जोराने घातला. मग साहेब उठले. पांढऱ्याशुभ्र कपड्यांत, हसरे. हात पुढे करून, बोट दाबून दाखवत म्हणाले, "विरोधाचं बटण दाबताना मला तुमचेच चेहरे दिसत होते." बाई, बटण दाबायची नक्कल केली त्यांनी! न दाबलेल्या बटणाची! साठ-सत्तर म्हातारी माणसं टाळ्या वाजवतायत, माझी मैत्रीण डोळे पुसतेय. साहेब म्हणाले, "काही विचारायचं असेल तर विचारा, मी तुमचाच मुलगा."

मी उभी राहिले. याद्या हातात होत्या. आणि मी विचारलं, अगदी सगळं विचारलं, तारीख, दुरुस्ती, हजेरी, चिठ्ठी. इंग्रजीत. स्वच्छ, खणखणीत, नन्सनी घोटून घेतलेल्या इंग्रजीत. एका शब्दाला अडखळले नाही. साहेबांचं हसू क्षणभर मावळलं, मी पाहिलं ते. मग ते मराठीत म्हणाले, "मावशी इंग्रजीत रागावल्या म्हणजे विषय फारच मोठा दिसतोय. मावशी, तुम्ही दिल्लीला चला, आम्ही भांडुप सांभाळतो." जो हशा पिकला! अध्यक्षांनी लगेच आभार मानायला घेतले. बटाटेवडे आले.

मैत्रिणीने माझा पदर ओढला. "काय इचारलंस गो तेका? लोका कित्याक हसली? माका काय एक समाजला नाय."

"काही नाही गं," म्हटलं. "रस्त्याच्या खड्ड्यांचं."

लिफ्टचं काम पुढच्या महिन्यात सुरू होणार, असं अध्यक्ष सांगत होते. मला नमस्कार करतात, पण पूर्वीसारखे थांबत नाहीत. आठ दिवस मी प्रत्येकाला सांगतेय की रागाच्या भरात इंग्रजी तोंडात आलं, लहानपणापासूनची सवय. सगळे मान डोलावतात. हे पत्र पाठवायला पत्ता नाही, आणि असता तरी मी ते पेटीत टाकलं नसतं. पण तुम्हाला तरी खरं सांगायला हवं. मला राग इंग्रजीत येत नाही, बाई. आधी मनात वाक्यं जुळवताना ती मराठीतच होती. उभी राहिल्यावर शेजारी मैत्रिणीचे गुडघे दिसले, आणि तिला कळणार नाही अशा भाषेत मी ती बदलून घेतली.