आधी आंबे, मग शिक्का

रत्नागिरी, मे १९८७, संध्याकाळ

रजेवर आलो तरी मुंबईचं ते दोन प्रोसेसरांचं मशीन डोक्यातून जात नाही. एक प्रोसेसर मेमरीत माहिती लिहून 'तयार' अशी खूण करतो. दुसरा खूण पाहून माहिती उचलतो. कधीकधी जुनीच उचलतो. खूण तर अटॉमिक, म्हणजे एका झटक्यात होणारी, अर्धवट कधी दिसतच नाही. मग चुकतंय कुठे?

आज दादाने आंब्यांच्या रिकाम्या पेट्यांवरच 'तयार'चे शिक्के मारून ठेवले आणि टेम्पोवाल्याने अर्धी भरलेली पेटी चढवली. वहिनी कडाडली, "शिक्के आधी मारलेत कशाला? शिक्का दिसला की तो उचलणारच!"

"एकदम मारले की हात मोकळे होतात," दादा पुटपुटला.

शिक्का ठसठशीत होता. पण शिक्क्याने पेटी भरत नाही.

माझंही तेच! मी लिहिलेल्या क्रमानेच सगळं मेमरीत पोचतं, हे मी गृहीत धरलं. खुणेआधी बॅरिअर, म्हणजे थांबवणारा अडसर, हवाच: माहिती पोचल्याशिवाय शिक्का नाही. वाचणाऱ्याकडेही हवा, खूण पाहिल्यावर, नाहीतर तो माहिती खुणेआधीच उचलून बसेल. नुसता आकडा वाढवायचा असेल, त्यामागे दुसरी माहिती नसेल, तिथे नको.

साहेब म्हणतील, मशीन मंदावेल. मंदावू दे. अर्धी पेटी लवकर पोचवून कोणाचं भलं झालंय?